पासिंग रिक्षाचं दर वर्षी होतं, पोरांच्या डोळ्या-कानांचं कधी?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी शिवाजी पेठेत राहतो आणि २२ वर्षं शाळेच्या पोरांची रिक्षा चालवतो. गेल्या महिन्यात रिक्षाचं पासिंग झालं. गाडी जुनी आहे, त्यामुळं दर वर्षी आरटीओपुढं उभी करावी लागते. साहेबांनी ब्रेक बघितला, हॉर्न वाजवायला लावला, मग इंडिकेटर. डावा वेगळा, उजवा वेगळा. डावा चालू आहे म्हणजे उजवाही चालू असणार, असं तिथं कुणी धरून चालत नाही. परत येताना बालवाडी सुटायची वेळ झाली होती, म्हणून तसाच शाळेकडं गेलो आणि पोरं भरली. तीन ते सहा वर्षांची नऊ लेकरं. आरशात त्यांच्याकडं बघताना एकच विचार डोक्यात आला. या नऊजणांचा डावा डोळा वेगळा, उजवा डोळा वेगळा, डावा कान वेगळा, उजवा कान वेगळा असा कुणी कधी तपासलाय का? दुसऱ्या दिवशी एकेका आईला विचारलं. सात जणींनी सांगितलं, कधीच नाही. त्यासाठी हे पत्र.

विचार आला तो उगाच नाही. माझ्या थोरल्या मुलाचं जे झालं, त्यामुळं आला.

२०१७ साली तो १९ वर्षांचा होता. आपल्या जिल्ह्यातल्या हजारो पोरांसारखं त्याचं एकच ठरलेलं होतं, सैन्यात जायचं. दोन वर्षं पहाटे साडेचारला उठून रंकाळ्यावर पळायचा. त्याची आई त्याच्याआधी उठून दूध तापवायची, अंडी उकडून ठेवायची. भरतीत सोळाशे मीटर पळाला, बीम मारले, नऊ फुटांचा खड्डा पार केला. आम्ही घरात पेढे आणायचेच बाकी ठेवले होते. मेडिकलला डॉक्टरांनी उजवा डोळा झाकायला लावला आणि समोरचा तक्ता वाच म्हणाले. घरी आल्यावर पोरगा म्हणाला, "पप्पा, मला वाटलं त्यांनी तक्ताच बदलला." वरचं एक मोठं अक्षर सोडलं तर खाली सगळं पुसट. १९ वर्षांत पहिल्यांदा त्यानं एकट्या डाव्या डोळ्यानं जग बघितलं होतं.

नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी थेंब घालून, बाहुली मोठी करून नीट बघितलं. डोळ्यात रोग नाही, पडदा चांगला आहे. पण डाव्या डोळ्याला लहानपणापासून प्लसचा मोठा नंबर होता आणि उजव्याला जवळजवळ नव्हता. उजव्याकडून स्वच्छ चित्र येत होतं, म्हणून मेंदूनं डाव्याचं पुसट चित्र घ्यायचंच सोडून दिलं. याला आळशी डोळा म्हणतात. हा शब्द मला तेव्हा पहिल्यांदा कळला. मी विचारलं, आता चष्मा लावला तर? डॉक्टर म्हणाले, "चार वर्षांचा असताना आणला असता तर चष्मा दिला असता, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून डाव्याला कामाला लावलं असतं. सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू चांगला ऐकतो. पुढं कधी थोडाफार फरक पडतो, पण लहानपणी पडतो तसा नाही." पुढचं मला आठवत नाही. घरी रिक्षा कशी आणली तेही आठवत नाही.

मग एकेक आठवायला लागलं. पेठेतल्या पोराला फुटबॉल सुटत नाही. हाही खेळायचा, पण उंचावरून आलेला बॉल त्याला डोक्यावर घेता यायचा नाही, दर वेळी अंदाज चुकायचा. तांब्यातनं पेल्यात पाणी ओतताना थोडं बाहेर सांडायचं. आम्ही धांदरट म्हणायचो. मी स्वतः त्यावरून त्याला दोन-तीनदा मारलंय. दोन डोळ्यांचं मिळून जे अंतर कळतं, ते त्याला कळतच नव्हतं. आज त्या मारलेल्याची मला जेवढी लाज वाटते, तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, शाळेत तपासणी झाली नव्हती का? झाली होती, पाचवीत. पोरांना रांगेत उभं केलं आणि तक्ता वाचायला लावला, दोन्ही डोळे उघडे ठेवून. पोरानं धडाधड वाचला. कार्डावर लिहून आलं, दृष्टी सामान्य. ते कार्ड अजून आमच्या कपाटात आहे. एक डोळा झाकायला एक पुठ्ठा लागतो, तेवढाच. आणि नुसता हातही चालत नाही, लेकरं बोटांच्या फटीतनं बघतात. लबाडी म्हणून नव्हे, न दिसणारं पोर दिसेल तिथनं बघणारच. म्हणून जाणकार लोक लहानांच्या डोळ्यावर पट्टी चिकटवतात आणि मग दुसरा तपासतात. अक्षरओळख नसली तरी अडत नाही. घर, सफरचंद, गोल, चौकोन अशी चित्रं दूरवर दाखवायची आणि पोरानं हातातल्या कार्डावर तसंच चित्र दाखवायचं. साडेतीन-चार वर्षांचं पोर हे खेळ म्हणून करतं.

आता कानाची गोष्ट. ही माझ्या रिक्षातली. कुणाची पोरगी ते सांगणार नाही, आणि आईवडिलांना विचारूनच लिहितोय.

चार वर्षांची, गोड पोर, पण गप्प. रिक्षात बसली की पाच मिनिटांत तोंड उघडं टाकून झोपायची आणि घोरायची. एवढं लहान लेकरू घोरतं याचं मला नवल वाटायचं. शाळेच्या डायरीत शेरा असायचा, लक्ष देत नाही, सांगितलेलं ऐकत नाही. दोन वर्षांपूर्वी जुलैत, पावसात, मी रस्त्याकडेला पोरं उतरवत होतो. पाठीमागनं एक मोटारसायकल जोरात आली. मी ओरडलो, बाकीची पोरं दचकून कडेला झाली. ही रस्त्यावरच, पाण्याच्या डबक्यात बघत उभी. मी उडी मारून तिला ओढली. तिनं माझ्याकडं बघितलं ते घाबरून, की मामानं आपल्याला असं का ओढलं. आवाज तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं. वडील चिडले. "मामा, आमच्या पोरीला भैरी म्हणताय का तुम्ही?" आजी म्हणाल्या, "आमच्यातली पोरं उशिराच बोलाय लागत्यात. हिचा बा बी तसाच हुता." आणि त्यांनी माझ्यासमोर पोरीच्या पाठीमागं जाऊन जोरात टाळी वाजवली. पोरगी वळली. "बघा!" मी गप्प बसलो. पुढं कळलं ते असं की टाळीचा आवाज मोठा असतो आणि थोडं कमी ऐकू येणाऱ्या पोरालाही तो जातो. दोन्हीतला एक कान चांगला असला तरी पोर वळतं. न जाणारा असतो तो बाईंचा रोजचा, वर्गातला, मागच्या बाकापर्यंत येता येता हलका झालेला आवाज.

पोरीच्या आईनं मात्र माझं म्हणणं डोक्यात ठेवलं. पंधरा दिवसांनी मलाच फोन करून म्हणाली, दवाखान्यात सोडाल का? मी सोडलं आणि थांबलो. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणाऱ्या ताईंनी तिच्यापुढं डबा आणि लाकडी ठोकळे ठेवले, कानावर हेडफोन लावला आणि सांगितलं, टुक आवाज आला की एक ठोकळा डब्यात टाक. पोरगी खूश. पण मशीनवर आवाज बराच वाढवेपर्यंत ठोकळा तिच्या हातातच. मग कानात छोटं बूच घालून दुसरी तपासणी केली, त्यात हवेचा दाब बदलतात आणि कागदावर रेघ उमटते. चांगल्या कानाच्या रेघेला डोंगरासारखा उंचवटा येतो. हिच्या दोन्ही कानांची रेघ सपाट. कानाच्या पडद्यामागं चिकट पाणी साठलं होतं. नाकाच्या मागच्या गाठी, अॅडेनॉइड, वाढल्या होत्या, म्हणून ते तोंड उघडं टाकून झोपणं आणि घोरणं. ताईंनी आईला समजेल असं सांगितलं, "पंचगंगेत बुडी मारल्यावर घाटावरचं बोलणं जसं ऐकू येतं, तसं तुमच्या मुलीला वर्षभर ऐकू येत असेल."

डॉक्टरांनी लगेच कापाकापी केली नाही. असं पाणी बऱ्याच मुलांत आपोआप जातं, म्हणून तीन महिने थांबले, परत तपासलं. गेलं नव्हतं. मग गाठी काढल्या आणि पडद्यात बारीक नळ्या बसवल्या. पंधरा दिवसांनी पोरगी रिक्षात बसली, मी किक मारली आणि तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "मामा, तुमची रिक्षा लई वरडती." त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला हे तीनदा सांगितलं. आज ती पोरगी रिक्षात गप्प बसत नाही. वडील मला भेटले की थांबून बोलतात.

माझ्या पोराला कुणी वेळेत बघितलं नाही आणि हिला एका योगायोगानं बघितलं. असं योगायोगावर का सोडायचं?

माझ्या बहिणीचा नातू भुदरगड तालुक्यात अंगणवाडीत जात होता. तिथं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक गाडी घेऊन आलं, डॉक्टर, नर्स, औषधं देणारे. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. अंगणवाडीतल्या पोरांची वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळांतल्या पोरांची वर्षातून एकदा तपासणी त्यात धरली आहे, डोळे आणि कान दोन्ही. बहिणीच्या नातवाचा एक डोळा किंचित आत वळतोय हे त्या पथकातल्या डॉक्टर बाईंनी ओळखलं आणि चिठ्ठी दिली. घरच्यांनी चिठ्ठी डब्यात ठेवली असती तर तिथंच संपलं असतं. पण अंगणवाडीच्या सेविकाताई दोनदा घरी आल्या आणि शेवटी स्वतः एसटीनं बरोबर आल्या. चष्मा लागला, पट्टी लागली. पोर घरात पट्टी ओरबाडून काढायचं, म्हणून ताईंनी पट्टीचे दोन तास अंगणवाडीतच धरले आणि त्या वेळात त्याला रंगवायला बसवायच्या. आता त्याचा तो डोळा चांगला वाचतो. त्या सेविकाताईंना मानधन किती आणि त्यांच्यामागं कामं किती, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्यांनी ते केलं.

आता माझ्या रिक्षातली पोरं बघा. ती खासगी बालवाडीत जातात. नर्सरी, ज्युनिअर केजी, सिनिअर केजी. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन फी भरलेली असते. त्यांची नावं अंगणवाडीच्या पटावर नाहीत आणि ती सरकारी शाळेतही नाहीत. पथकाची गाडी ज्या दारात थांबते, ती दोन्ही दारं त्यांची नाहीत. गल्लीतल्या अंगणवाडीकडं नाक मुरडून आपण पुढं गेलो आणि ही तपासणी मागंच राहिली. मीही माझ्या पोराच्या वेळी हेच केलं. चार गल्ल्या सोडून अंगणवाडी होती, पण पोरगं इंग्लिश बोलावं म्हणून टायवाल्या शाळेत घातलं.

कायद्यात काय आहे तेही मी विचारून घेतलंय. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६, कलम २५. धोका ओळखता यावा म्हणून सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी, असं त्यात आहे आणि जबाबदारी सरकार आणि स्थानिक संस्थांवर आहे. सर्व मुलांची. फी भरणाऱ्यांची वगळून असं कुठं लिहिलेलं नाही.

म्हणून महापालिका, जिल्हा परिषद आणि खासगी बालवाड्या चालवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. बालवाडीच्या प्रवेशअर्जाला जन्मदाखला लागतो, आधार लागतं, फोटो लागतात. त्याला अजून एक कागद जोडा, डोळे आणि कान तपासल्याचा. प्रत्येक डोळा वेगळा, प्रत्येक कान वेगळा. कागद नाही म्हणून प्रवेश अडवू नका, नाहीतर लोक खोटा कागद आणतील. नसेल त्याची जूनमध्ये शाळेतच तपासणी करा. पथकाला खासगी बालवाडीचं दार उघडून द्या, किंवा शाळांनी मिळून नजर तपासणारा एक ऑप्टोमेट्रिस्ट आणि एक ऑडिओलॉजिस्ट दोन दिवस बोलवावा. शंभर पोरांची शाळा दोन दिवसांत होते. आणि नुसता शेरा मारून कार्ड दप्तरात घालू नका. ज्या पोराचं काही निघेल त्याच्या आईबापाला बोलावून तोंडानं सांगा, आणि महिन्यानं विचारा की दाखवलं का. माझ्या कपाटातल्या त्या कार्डाचा अनुभव मी सांगितला. सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयात डोळ्यांचा विभाग आहे, कान-नाक-घशाचा आहे. कुठं जायचं हा प्रश्न आपल्या शहरात नाही. जायला सांगणारं माणूस हवं.

बालवाडीच्याही आधीचं थोडं सांगतो, कारण ऑडिओलॉजिस्ट ताईंनी मला ते आवर्जून सांगितलं होतं. तान्ह्या बाळाचा कानही तपासता येतो. बाळ झोपलेलं असताना कानात मऊ बूच ठेवून मशीन काही मिनिटांत सांगतं. पहिल्या महिन्यात ही तपासणी, शंका आली तर तीन महिन्यांपर्यंत पक्कं निदान, आणि सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र किंवा पुढचे उपचार सुरू, अशी ती वेळ धरतात. जन्मतः ऐकू न येणारं पोर एवढ्या लवकर हाती लागलं तर ते बोलायला शिकतं. दोन वर्षं वाट बघण्यात बोलणं शिकायचा सगळ्यात चांगला काळ जातो. तसंच दिवस भरायच्या आधी, ३४ आठवड्यांच्या आत झालेलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर ३० दिवसांच्या आत त्याच्या डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा लागतो. काचेच्या पेटीतनं बाळ घरी आलं या आनंदात ती तारीख निघून जाते.

आणि एक आईबापांसाठी. मोबाईलवर फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाळाच्या एकाच डोळ्याची बाहुली पांढरी चमकत असेल तर फोटो खराब आला म्हणून पुसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. कानात लसणाचं गरम तेल सोडू नका. सोसायटीत, गल्लीत मी नेहमी ऐकतो की पोरीला एवढ्यात चष्मा लावला तर पुढं लग्नाचं कसं. चार वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी करणाऱ्या माणसानं माझ्या घरी यावं. माझा मुलगा त्याला समजावून सांगेल.

याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोर शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड ठेवला. पोर वर्गात येऊन बसलं, पण त्याला फळा दिसत नाही, बाईंचं बोलणं ऐकू येत नाही, तर ते त्या हुकुमाप्रमाणं शाळेत आलं असं मला वाटत नाही. हे मी मोठेपणानं लिहीत नाही, माझं शिक्षण दहावी आहे. पण रोज नऊ पोरं माझ्या जिवावर सोडली जातात, म्हणून लिहितोय.

आमच्या स्टँडवरच्या शाळेच्या रिक्षावाल्यांशी मी बोललोय. सहाजण तयार आहेत. कुठलं पोर हाक मारल्यावर वळत नाही, कुठलं मान तिरकी करून बघतं, कुठलं उन्हात एकच डोळा मिटतं, कुठलं पायरी चुकतं, हे आम्हाला रोज दिसतं. बालवाडीच्या बाईंनी एकदा बोलावून आम्हाला काय बघायचं ते सांगावं. आम्ही निदान करणार नाही, नुसतं आईच्या कानावर घालू.

मुलगा आता शिरोलीला एमआयडीसीत कामाला आहे. त्याचा मुलगा, माझा नातू, जूनमध्ये बालवाडीत जाईल. असा नंबर घराण्यात उतरू शकतो, असं डॉक्टरांनी २०१७ लाच सांगून ठेवलं होतं. पुढच्या बुधवारी त्याला दाखवायला नेणार आहे. तीन वर्षांचं आहे, थेंब घालताना रडेल. मुलाच्या कामाचा एक दिवस बुडेल म्हणून मी सुनेला म्हटलं, आपण दोघंच जाऊ. मुलानं ऐकलं आणि त्याच दिवशी साहेबांना सांगून बुधवारची रजा टाकून आला.

आपला वाचक,
एक शाळेचा रिक्षावाला
शिवाजी पेठ, कोल्हापूर
(माझं नाव छापू नये. नावावरून रिक्षा कळेल आणि रिक्षावरून त्या पोरीचं घर.)